मचाणावर जायचं वय

माझा वाढदिवस एक जूनला नसतो, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झालाय. पासपोर्टवर एक जून आहे. आधार कार्डावर एक जून आहे. आमच्या गावात माझ्या वयाच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनलाच असतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मास्तर घरोघर फिरून पोरं गोळा करायचे, आणि जन्मतारीख विचारली की बाप डोकं खाजवायला लागायचा. मग मास्तर आपल्या मनानं एक जून टाकून मोकळे. साल कुठलं घालायचं ते पोराच्या उंचीवर.

माझ्या बाबतीत उंचीही बघितली नाही. थोरला भाऊ शाळेत एकटा बसायला रडायचा, म्हणून सोबतीला मला त्याच्याच वर्गात बसवलं. पाच वर्षं पुरी नव्हती मला. मास्तरांनी मला दोन-सव्वादोन वर्षांनी मोठी करून टाकलं आणि भाऊ रडायचा थांबला. खरा जन्म नवरात्रातला. आई सांगायची, घट बसले होते, आणि त्या साली पावसानं गोठ्याची भिंत पडली होती. भिंतीचा काही दाखला नाही. पुढं सातवीनंतर मला शाळेतून काढलं, वाचायचं-लिहायचं ते वाचनालयातली पुस्तकं आणून माझी मीच वाढवलं, पण तारीख तीच चिकटून राहिली. सगळ्या जन्मात त्या एक जूननं माझं काही वाकडं केलं नाही. केलं ते आयर्लंडमध्ये आल्यावर.

दोन हजार वीसच्या जानेवारीत मी मुलाकडं आले. क्लोनडॉकिन म्हणजे डब्लिनच्या पश्चिमेचं उपनगर, एकसारख्या घरांच्या रांगा, मधून कालवा, आणि गावात एक फार जुना दगडी मनोरा. मुलगा चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर. सूनबाई डॉक्टर, पोर्टलीशच्या सरकारी हॉस्पिटलात, रोज मोटारीनं जाऊन-येऊन. नात नऊ वर्षांची. मी मराठीत बोलायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, तेही असल्या हेलात की कपाटाला प्रेस म्हणते. पहिल्या आठवड्यात तिनं मला सांगितलं, बिस्किटं प्रेसमध्ये आहेत. मी इस्त्रीच्या टेबलाखाली शोधली.

पण मी काही क्लोनडॉकिन बघायला आले नव्हते. हा माझा मधला मुक्काम होता. एप्रिलमध्ये आम्ही चौघं इथून पनामाला जाणार होतो, माझ्या मुलीकडं.

मुलीचं सांगायचं तर ती कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकली आणि मुंग्यांवर काम करायला म्हणून सातासमुद्रापार गेली. लोक विचारायचे, मुलगी काय करते? मी म्हणायची, मुंग्या बघते. पुढचं कुणी विचारायचं नाही. मुंग्यांचं काम तीन वर्षांनी संपलं, पण ही परत आली नाही. पनामा सिटी ही त्या देशाची राजधानी. उंचच उंच इमारती, आणि तिथून तासाभरावर घनदाट राखीव जंगल. त्या जंगलाच्या कडेला एका गृहस्थाचं छोटं अतिथिगृह आहे. जगभरातली माणसं तिथं येऊन राहतात, अंधारात उठून पक्षी बघायला जातात, आणि त्यांना घेऊन हिंडायचं काम माझी मुलगी करते. इको-टुरिझम. मी विचारलं, म्हणजे नक्की काय गं? तर म्हणाली, "जंगल न मोडता जंगल दाखवायचं, आणि जे मिळेल त्यातून जंगल राखायचं."

मला हसू आलं. आम्ही राधानगरीच्या वरच्या अंगाची माणसं. आमच्याकडं जंगल आपण होऊन घरी यायचं. गवे भातात शिरायचे. त्यांना हुसकायला वडलांनी शेतात मचाण बांधलं होतं, चार खांबांवर फळ्या आणि वर गवताचं छप्पर. तिथं वडील बसायचे आणि भाऊ बसायचा. पोरींनी मचाणावर चढायचं नाही. का, ते कुणी सांगायचं नाही, नुसतं चढायचं नाही. मी भाकरीचं गठुडं घेऊन जायची, खाली उभी राहायची. भाऊ वरून दोरी सोडायचा, मी गठुडं बांधायची. मी ओरडून विचारायची, "काय दिसतंय रे वरनं?"

"गवं."

"किती?"

"लय!"

एवढंच. मचाणावरून काय दिसतं हे मला आयुष्यात एवढंच कळलं. गवे, आणि लय.

म्हणून मुलगी जेव्हा फोनवर म्हणाली, "आई, आमच्याकडं लोखंडी मचाण आहे, झाडांच्या शेंड्यांच्याही वर जातं, पहाटे तिथून सगळं जंगल खाली दिसतं," तेव्हा मी तिला पुढचं बोलूच दिलं नाही. म्हटलं, मी चढणार.

त्यावर ती म्हणाली, एक अडचण आहे. सत्तर पूर्ण झालेल्या माणसाला वर सोडत नाहीत. विम्याचा नियम. आणि मी पासपोर्टवर आदल्याच जूनमध्ये सत्तरची झालेली! मी तिला मास्तरांचं सगळं पुन्हा सांगितलं. तिला पाठच होतं. तिनं ते तसंच्या तसं मालकाला सांगितलं. तो खूप हसला म्हणे. त्याच्याही आजीचे दोन वाढदिवस होते, एक चर्चचा, एक सरकारी. म्हणाला, आणा तुमच्या आईला, आपण खरं वय धरू. पण खरी सत्तर झाली की मग नाही हं.

खरी सत्तर मला एकवीस सालच्या नवरात्रात होणार होती. दीड वर्षाच्या वर वेळ होता. मला वाटलं, रग्गड आहे.

मार्चमध्ये काय झालं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. आधी विमान रद्द झालं. मग शाळा बंद. मग सरकारनं जाहीर केलं की सत्तरीवरच्यांनी घराच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. त्याला नाव काय दिलं, तर कोकूनिंग. म्हणजे कोशात बसणं. नातीनं मला फुलपाखराचं चित्र काढून समजावलं. मी म्हटलं, बाई, अळी निदान पंख घेऊन बाहेर येते, मी येईन ती सुजलेले गुडघे घेऊन.

सूनबाई ड्यूटीवरून आली की जिन्यावर बसून लांबून बोलायची. तिची खोली वेगळी, ताट वेगळं. मी खालून म्हटलं, "अगं, हा नियम मला लागू नाही. मी अडुसष्टची आहे."

"आई, पासपोर्टवर सत्तर आहे."

"पासपोर्टवरचं मास्तरांनी लिहिलंय."

स्वयंपाकघरातून मुलगा म्हणाला, "आई, व्हायरस पासपोर्ट बघत नाही."

"मग तुम्ही कशाला बघताय?"

सूनबाईनं चेहऱ्यावरचे मास्कचे वळ चोळले. म्हणाली, "आई, मी तिथं रोज काय बघते ते घरी सांगत नाही. अडुसष्ट धरा नाहीतर सत्तर धरा. तुम्ही आत बसा."

तिचं बरोबर होतं. पण समोरच्याचं बरोबर असलं म्हणून आपला राग जातो असं नाही. उलट जास्त चढतो, कारण काढायला जागा राहत नाही. मी तो भांड्यांवर काढला. माझ्याहून दोन महिन्यांनी मोठी अशी एक शेजारीण आहे, खरोखरची अडुसष्टची, ती खुशाल दुकानात जायची, पाव-दूध आणायची, आमच्या दारात ठेवून खिडकीतून मला हात करायची. मी काचेच्या आत. वरच्या खोलीच्या खिडकीतून तो गावातला मनोरा दिसायचा. त्याला दार आहे, पण जमिनीपासून पार उंचावर, आणि कायम बंद. हजार वर्षं झाली म्हणे उभा राहून. मी रोज त्याच्याकडं बघून म्हणायची, घे, तू पण माझ्यासारखाच.

पनामात तर याहून तऱ्हा. तिथं नियम असा निघाला की बायकांनी एका दिवशी बाहेर पडायचं, पुरुषांनी दुसऱ्या दिवशी. मुलगी सोमवारी बाजारात जायची, मालक मंगळवारी. कोथिंबीर विसरली तर बुधवारपर्यंत थांबा. पाहुणे सगळे पहिल्या आठवड्यातच निघून गेलेले. खोल्यांना कुलपं. मुलगी म्हणाली, "आई, मला वाटलं होतं माणसं नसली की जंगलाला बरं वाटेल. तसं नाही गं. पाहुणे होते तोवर जंगलात सतत कुणीतरी असायचं, चार डोळे असायचे. राखणदार होते. आता मालकाला राखणदार ठेवणं परवडत नाही. परवा मला रस्त्यावर बंदुकीची काडतुसं मिळाली."

"तू एकटी कशाला हिंडतेस मग?"

"मग कोण हिंडणार?"

पोरीला असं वाढवलं मीच, आता बोलणार कुणाला!

मे महिन्यात तिनं नवीन काढलं. शनिवारी पहाटे फोन घेऊन जंगलात चालायचं आणि घरात अडकलेल्या पाहुण्यांना ते आपापल्या घरी बसून बघायचं. ज्याला जे द्यावंसं वाटेल ते द्यावं, त्यातून निदान एक राखणदार तरी ठेवता येईल. तिच्याकडं पहाट व्हायची तेव्हा आमच्याकडं दुपारचे बारा. मुलानं टीव्हीला जोडून दिलं. नात आणि मी ताटं घेऊन सोफ्यावर. आमटी-भात खात मी मध्य अमेरिकेतलं जंगल बघायची.

बघायची म्हणजे काय, चिडायची. एक तर चित्र मधेच थिजायचं. पान हलता हलता थांबायचं, आणि आवाज मात्र पुढं चाललेला. दुसरं म्हणजे ती सगळं इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये बोलायची. तिसरं, आणि मला सगळ्यात लागलेलं, म्हणजे ती स्वतः दिसायचीच नाही. कॅमेरा तिच्या हातात. पान दाखव, मुंगी दाखव, घुशीसारखा दिसणारा एक प्राणी दाखव, आणि पोरगी मात्र नाही. कधी बोट दिसायचं. कधी सावली. एरवी तिच्या खोलीवर नेट इतकं मंद की नुसता आवाज यायचा. मी तिच्या बोटावरून अंदाज काढायची, बारीक झाली का.

पहिल्याच वेळी मी न राहवून ओरडले, "अगं, जेवलीस का?"

नात किंचाळली, "आजी! यू आर नॉट ऑन म्यूट!"

मग एका म्हाताऱ्या अमेरिकन बाईनं लिहून विचारलं की आत्ता जो आवाज आला तो पक्षी कुठला, आणि 'जेवलीस का' हे त्याचं स्थानिक नाव आहे का. माझी मुलगी इतकी हसली की कॅमेरा आभाळाकडं गेला. मग तिनं गंभीर आवाजात सांगितलं, हा पक्षी फक्त महाराष्ट्रात सापडतो, दिवसातून दोनदा ओरडतो, आणि उत्तर दिल्याशिवाय थांबत नाही. त्या दिवसापासून मला म्यूट करून ठेवायला लागले. मग मी टीव्हीशी वाद घालायची. मोठ्या चोचीचा पक्षी आला की मी म्हणायची धनेश. नात म्हणायची टूकन. मी म्हणायची, मी धनेश लहानपणापासून बघितलेत. ती म्हणायची, नो आजी, डिफरंट फॅमिली. फोनवर मुलीला विचारलं तर तीही म्हणाली, "आई, ती बरोबर आहे." म्हणजे धनेशही माझा नाही.

मग एका शनिवारी चालता चालता कॅमेरा गर्रकन वळला. क्षणभरच, पण मला दिसलं. कापलेल्या झाडाचा बुंधा, पांढरा, ताजा. तिनं पुढं फुलपाखराबद्दल बोलायला सुरुवात केली. फोनवर मी विचारलं, "तो बुंधा कसला होता?"

"तुला दिसला?"

"मी जंगलातलीच आहे, बाई."

ती म्हणाली, "पाहुण्यांना ते दाखवत नाही आम्ही. ते बघायला कोण येईल?" मी म्हटलं, मी आले असते. आणि खरंच, त्या बुंध्याला हात लावायला मी निघाले असते तशीच उठून.

मे महिन्यातच मला फिरायचीही परवानगी मिळाली, पाच किलोमीटरच्या आत. मी कालव्याच्या काठानं जायची. हंस, बगळे, बदकं. शेजारीण हातभर लांब उभी राहून बोलायची. एकदा तिनं विचारलं, तुला मुलगी आहे ना, ती कुठं असते? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, कॅनॉलजवळ. तिचा चेहरा फुलला. म्हणाली, अरे वा, मग तर इथंच, पायी जाशील की, ग्रँड! मी म्हटलं, दुसरा कॅनॉल. तिला वाटलं, शहराच्या उत्तरेला आणखी एक कालवा आहे तो. म्हणाली, तरी बसनं तासभर, ग्रँड! मी सोडून दिलं. इथल्या लोकांचं सगळंच ग्रँड असतं. पाऊस पडला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. मला एकदा तरी कुणीतरी म्हणायला हवं होतं की बाई, हे काही ठीक चाललेलं नाही.

मुलानं उन्हाळ्यात विचारलं, "आई, भारतात जायला विमानं सुटताहेत. तुला जायचंय का? व्हिसा सरकार वाढवतंय, पण तुला कंटाळा आला असेल तर..."

मी म्हटलं, "इथून तिच्यापर्यंत एक समुद्र आहे. कोल्हापूरला गेले तर दोन होतील." 

"पण आई, कधी सुरू होईल काही सांगता येत नाही."

"नवरात्रापर्यंत मला वेळ आहे. पुढच्या."

तो बायकोकडं बघून हसला. त्यांना वाटायचं हा म्हातारीचा एक चाळा आहे. मचाण, मचाण. मी काही समजावायला गेले नाही. ज्यांना लहानपणी कुणी खाली उभं केलं नाही त्यांना काय समजावणार.

दुसरा हिवाळा पहिल्यापेक्षा वाईट गेला. पुन्हा सगळं बंद. दुपारी चारलाच दिवे लागायचे. नात खोलीत बसून शाळा शिकायची. सूनबाईच्या डोळ्यांखाली काळं. शनिवारची जंगलवारी तेवढी चालू होती, पण बघणारे कमी झाले होते. लोकांना पडद्याचा वीट आला होता. शंभर चौकोन असायचे त्याचे वीस राहिले, मग नऊ. त्यातली एक मी, फुकटी. म्हाताऱ्या अमेरिकन बाईही एका शनिवारपासून दिसेनाशा झाल्या. काय झालं, कुणी विचारलं नाही. मुलगीसुद्धा त्या दिवशी पक्ष्यांची नावं जरा चुकत होती.

एकवीसच्या वसंतात लस आली ती वयानं. मोठ्यांना आधी. सूनबाईनं आमच्या इथल्या डॉक्टरांकडं माझं नाव नोंदवलं होतं, सत्तरीवरच्यांच्या गटात. माझी पाळी आली, शेजारणीची अजून नव्हती. दंडावर पट्टी लावून मी घरी आले तर मुलगा म्हणतो, "काय आई, आता मास्तर बरे वाटायला लागले असतील."

"आता मी अडुसष्ट सांगणार होते खरं तर," मी म्हटलं, "पण सुई बघून विचार बदलला."

"आता तर एकोणसत्तर झाली, आई."

हसण्यावारी गेलं, पण मी मनातल्या मनात मोजायला लागले. एकोणसत्तर. वर्ष कुठं गेलं?

मग मात्र मी कुणाला ऐकलं नाही. दुसरा डोस झाला, उन्हाळा आला, विमानं सुटायला लागली. मुलानं सप्टेंबरचं बघायला घेतलं. नात म्हणाली तीही येणार. मी बुटांचा नवीन जोड आणलं, चढायला घट्ट पाहिजेत म्हणून, आणि घरातल्या जिन्यावर वर-खाली करायला लागले. सूनबाई म्हणाली, "आई, जिन्याचा गालिचा झिजेल." पण हसून म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्यांना बांधायचे पट्टे घेऊन आली.

मी मुलीला फोन करून सांगितलं, "मालकाला सांग, सप्टेंबर. नवरात्राच्या आधी."

तिचा आवाजच बदलला. "आई, तू ये. नक्की ये. पण मचाण बंद आहे."

"बंद म्हणजे?"

"गंजलंय. दीड वर्ष कुणी रंग दिला नाही, तेल दिलं नाही. इथल्या पावसात लोखंड किती दिवस टिकतं, तू बघितलं नाहीस. पाहुणे येतात तेव्हा त्या पैशातून दर वर्षी खरवडून रंग द्यायचे. वरच्या दोन टप्प्यांच्या पायऱ्या मालकानं स्वतः काढून ठेवल्या. दुरुस्ती पावसाळा संपल्यावर. डिसेंबर."

"डिसेंबर."

"हो."

"तेव्हा मी सत्तरची झालेली असणार."

"मला माहीत आहे, आई."

मी फोन ठेवला. सगळ्यांवर राग आला. पावसावर, लोखंडावर, त्या मालकावर, मास्तरांवर, आणि रडून मला शाळेत बसवणाऱ्या भावावर, जो बिचारा केव्हाच गेला. खरं तर मास्तरांवर रागवायलाही आता जागा नव्हती. दोन वर्षं मी भांडत होते की कागदावरचं वय खोटं आहे. आणि ज्या दोन वर्षांवरून भांडत होते तीच दोन वर्षं क्लोनडॉकिनच्या खिडकीत बसून माझ्या अंगात भरली. मास्तरांनी फुकट दिलेली दोन वर्षं मी मोजून खर्च केली आणि ती खरी झाली. आता कुणी विचारलं तर सत्तर हेच उत्तर, दोन्हीकडून.

सप्टेंबर गेला. मुलगा म्हणाला, मग डिसेंबरचंच बघू, निदान ऊन असेल. मी जिना चढणंही सोडलं.

नवरात्र आलं. मी स्वयंपाकघराच्या प्रेसमध्ये, हो, मीही आता प्रेसच म्हणते, खालचा कप्पा रिकामा करून घट बसवला. इथली माती, इथलेच गहू, पण उगवले. पाचव्या दिवशी नात शाळेतून आली ती मागं हात लपवून. तिनं आईबरोबर जाऊन केक आणला होता, वर सात आणि शून्याची मेणबत्ती. "हॅपी रिअल बर्थडे, आजी!"

मला नऊ दिवस उपास. केकात अंडं.

तिचा चेहरा पडला. माझाही पडला असणार. मग आम्ही असं केलं की मेणबत्त्या काढून साबुदाण्याच्या खिचडीत रोवल्या आणि तिनं केक खाल्ला. तेवढ्यात पनामाहून फोन आला. त्या दिवशी ती अतिथिगृहाच्या ऑफिसात होती, नेट चांगलं होतं, आणि पहिल्यांदा, कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा, पडद्यावर झाड नव्हतं. ती होती. खरंच बारीक झाली होती. कानाजवळचे केस पांढरे. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "जेवले."

मी म्हटलं, "बरं."

"आई, ऐक. डिसेंबरला पायऱ्या बसतील. मी मालकाशी बोलले. तो विचारत होता, तुमच्या आईची सत्तरी झाली का. मी म्हटलं, विचारून सांगते." ती जरा पुढं झुकली. "काय सांगू? तुझ्या नवरात्राचा दाखला कुणाकडं आहे? अजून वर्षभर आहे म्हणून सांगते. कुणाला कळणार?"

खरं सांगते, माझ्या ओठांवर आलं होतं, सांग म्हणून. दोन वर्षं खरं बोलून माझं काय भलं झालं होतं! पण वर न्यायचं असतं तिनं. विम्याच्या कागदावर सही तिची. वर माझा पाय सरकला तर मालक विचारणार तिला. आधीच तिथं राखणदार नाहीत, पाहुणे अजून थेंब थेंब येताहेत, आणि त्यात माझं वय तिनं दडवायचं.

"सत्तर सांग," मी म्हटलं.

"आई..."

"सत्तर आहे ते सत्तर सांग. मास्तरांसारखं नको."

तिच्या मागं कुणीतरी स्पॅनिशमध्ये हाक मारली, तिनं हातानं थांब म्हटलं. "मग खाली थांबावं लागेल तुला. आम्ही वर असताना."

"माहीत आहे. मला सवय आहे."

ते मी जरा जास्तच कडू बोलले. तिला लागलं. मग ती म्हणाली, "खाली मुंग्या आहेत. मचाणाच्या पायाशीच मोठं वारूळ आहे, पानं कापून नेणाऱ्या मुंग्यांचं. मी ज्यासाठी इकडं आले ना, तेच ते. एक पाहुणा थांबत नाही बघायला. सगळ्यांना वर जायचं असतं."

"मुंग्या बघायला मी पनामाला येऊ?"

"मी आले होते."

नात खिचडीतली मेणबत्ती चाटत दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. मी विचार केला. मग विचारलं, "मचाणाची पहिली पायरी कुठं आहे?"

"कुठं म्हणजे? जमिनीलगत. वीतभर वर असेल."

"तिला वयाची अट आहे का?"

ती हसायला लागली. "नाही गं. पहिलीवर कुणीही बसतं. आम्ही बूट घालतो तिथं बसून."

"मग मी तिथं बसते. तुम्ही वर जा. मी मुंग्या बघते, आणि तू वरून मला सांग काय दिसतंय ते. नुसतं 'लय' म्हणायचं नाही. नीट सांगायचं."

"सांगेन."

"आणि दुसऱ्या पायरीला?"

"आई!"

"बरं, बरं. दुसरीचं तिथं आल्यावर बघू."